ओव्हनमधले भाज्यांचे पॅटिस ट्रेला चिकटू नयेत म्हणून

नवा ओव्हन घरात आला की तळणं कमी करायचं ठरतं आणि पहिला नंबर लागतो पॅटिसचा. बटाटा, गाजर, मटार, कोथिंबीर, सगळं निगुतीनं केलेलं असतं. खमंग वासही सुटतो. पण उलटायला जावं तर वरचा भाग उलथन्यावर येतो आणि खालचा खरपूस पापुद्रा ट्रेलाच चिकटून राहतो. मग पुढच्या खेपेला तेल वाढवलं जातं. आमच्या शेजारच्या वहिनी परवा हेच सांगत होत्या, "अहो ताई, ट्रेमध्ये तेलाचं तळं केलं होतं, तरी सोडेनात!"

तळं केलं तरी सोडणार नाहीत, कारण मूळ दुखणं मिश्रणातल्या पाण्याचं आहे. ते पाणी आधीच आवरलं, ट्रे तापवून घेतला आणि बूड कडक होईपर्यंत धीर धरला, तर एक-दीड चमचा तेलात दहा-बारा पॅटिस अलगद सुटतात. ओव्हन पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे, साताऱ्यात मिळणारं सामान डोळ्यांसमोर ठेवून.

चिकटतं कशामुळे

बटाट्यात स्टार्च असतो. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तो पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. ही ओली खळ ट्रेवरच्या बारीक ओरखड्यांत शिरते आणि तिथंच वाळून घट्ट बसते. बेसन, घेवडा, पनीर यांच्यातली प्रथिनंही तापलेल्या धातूला धरून बसतात.

आता पाण्याचं बघा. ओव्हन २०० अंशांवर असला तरी पॅटिसच्या बुडाशी पाणी आहे तोवर ते बूड १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. खरपूस रंग यायला मात्र बुडाला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. पाणी उडालं की मगच तिथं कोरडा, कडक पापुद्रा तयार होतो आणि तो झाला की पॅटिस आपण होऊन ट्रे सोडतो. भाकरीचं असंच असतं. तवा नीट तापलेला नसेल तर ती चिकटते, आणि तापलेल्या तव्यावर टाकून योग्य वेळी उलटली तर हाताच्या झटक्यासरशी सुटते.

म्हणजे पाणी जितकं जास्त, तितका पापुद्रा धरायला उशीर. आपण घड्याळाकडे बघून पंधराव्या मिनिटाला उलटायला जातो, तेव्हा बूड अजून ओलंच असतं.

सामान

दहा-बारा पॅटिससाठी उकडलेले बटाटे ३०० ग्रॅम, शिजवून निथळलेला वाघ्या घेवडा एक वाटी भरून, किसलेलं गाजर १०० ग्रॅम, मटार अर्धी वाटी, बारीक चिरलेला कोबी एक वाटी. आलं-लसूण-हिरवी मिरची वाटून दोन चमचे, जिरेपूड, हळद, मीठ, मूठभर कोथिंबीर. बांधणीसाठी भाजलेलं बेसन तीन मोठे चमचे आणि तांदळाचं पीठ दोन मोठे चमचे. वरून लावायला बारीक रवा पाऊण वाटी. शेंगदाण्याचं किंवा घरात असेल ते तेल.

लिंबू पिळायचं असेल तर खाताना पिळा, मिश्रणात नको. चव तीच येते आणि मिश्रण सैल होत नाही.

बटाटा: सगळ्यात जास्त लक्ष इथं द्या

बटाटे चिरून उकडू नका. चिरलेला बटाटा कुकरमध्ये पाणी पितो आणि ते पाणी नंतर कशानंही निघत नाही. सालासकट, अख्खे, मध्यम आकाराचे बटाटे घ्या. कुकरच्या भांड्यात बटाट्यांत पाणी न घालता, नुसतं कुकरच्या तळाला पाणी ठेवून वाफेवर शिजवले तर उत्तम. तीन ते चार शिट्ट्या पुरतात. साल तडकून बटाटा फुटला असेल तर तो रस्साभाजीला ठेवा.

झाकण पडलं की बटाटे लगेच बाहेर काढा, गरम असतानाच सोला आणि परातीत पसरून वाफ जाऊ द्या. सोललेल्या बटाट्यातून वाफ निघताना दिसते ना, ते तुम्हाला नको असलेलं पाणीच आहे. दहा मिनिटं पंख्याखाली ठेवले तर बटाट्याचा पृष्ठभाग पांढुरका, कोरडा दिसायला लागतो. नंतर झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होतो, चिकटपणा कमी होतो आणि मिश्रण हाताला लागत नाही. सकाळी पॅटिस करायचे असतील तर आदल्या रात्री बटाटे उकडून ठेवणं सगळ्यात सोयीचं.

बटाटा किसणीनं किसा किंवा हातानं कुस्करा. मिक्सरमध्ये मात्र अजिबात फिरवू नका. पात्यांनी बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि गोळ्याची रबरासारखी ताणली जाणारी चिकी होते. असे पॅटिस कुठल्याही ट्रेला चिकटणारच.

बटाटा कोणता, यालाही महत्त्व आहे. आपल्या जिल्ह्यात खटाव-पुसेगाव भागात पावसाळी बटाटा होतो आणि पावसाळा सरता सरता तो बाजारात यायला लागतो. नवा बटाटा पातळ सालीचा, बोटानं घासलं तरी साल निघणारा. चवीला फार गोड लागतो, भाजीला तोच घ्यावा, पण त्यात पाणी जास्त असतं. पॅटिसला जाड सालीचा, जुना बटाटा बरा. राजवाड्याजवळच्या मंडईत भाजीवाल्या मावशींना "जुना द्या, पॅटिस करायचेत" एवढं म्हटलं की त्या बरोबर निवडून देतात. नवाच मिळाला तर तांदळाचं पीठ एक चमचा वाढवा. शीतगृहातला फार गोड लागणारा बटाटाही शक्यतो टाळा. त्यात साखर वाढलेली असते, ती बुडाशी लवकर करपते आणि करपलेली साखर ट्रे सोडत नाही.

वाघ्या घेवडा

बांधणीसाठी ब्रेड भिजवून घालायची पद्धत सगळीकडे आहे. मला ती पटत नाही. भिजवलेला ब्रेड म्हणजे आपण होऊन पाणी आत घालणं. आपल्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळतो, अंगावर वाघासारखे तांबडे पट्टे असलेला. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. उसळीला तो करतोच आपण, पण शिजवून कुस्करल्यावर तो पॅटिसमध्येही फार छान काम करतो. मिश्रण जड, घट्टसर होतं आणि चव भरदार येते.

अर्धी वाटी घेवडा रात्रभर भिजवा. सकाळी भिजवलेलं पाणी टाकून द्या, नवं पाणी घालून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. दाणा दोन बोटांत दाबल्यावर लोण्यासारखा दबला पाहिजे. अर्धा कच्चा ठेवून "ओव्हनमध्ये शिजेल की" असं करू नका. राजमा, घेवडा या जातीच्या कच्च्या दाण्यांत पोट बिघडवणारं द्रव्य असतं आणि ते नीट उकळूनच जातं, ओव्हनच्या मंद आचेवर जाईल याचा भरवसा नाही. शिजल्यावर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. खालचं पाणी आमटीत घाला. निथळलेले दाणे वाटीच्या बुडानं भरड कुस्करा. थोडे दाणे अख्खे राहिले तर खाताना बरेच लागतात.

घेवडा नसेल तर मुगाची डाळ भिजवून, वाफवून, कोरडी करून घाला.

पाणी सुटणाऱ्या भाज्या

गाजर, कोबी, दुधी, बीट, कांदा या भाज्यांना मीठ लागलं की पाणी सुटतं. आपण मिश्रण मळतो तेव्हा ते कोरडं वाटतं, पण पॅटिस थापेपर्यंत परातीच्या कडेला पाण्याची रेघ दिसायला लागते. म्हणून ते पाणी आधीच काढायचं.

किसलेलं गाजर आणि चिरलेला कोबी एका भांड्यात घ्या, त्यावर अर्धा चमचा मीठ चोळा आणि दहा मिनिटं थांबा. मग स्वच्छ सुती फडक्यात किंवा जुन्या पंचाच्या तुकड्यात बांधून घट्ट पिळा. दोन्ही हातांनी पीळ घालत राहा. आधी धार लागेल, मग थेंब येतील. थेंबही थांबले आणि फडकं उघडल्यावर कीस एकमेकांना न चिकटता मोकळा झाला की जमलं. हे पाणी टाकू नका, चपातीची कणीक त्यात भिजवा. मीठ त्यात आधीच गेलेलं आहे, तेवढं कणकेत कमी घाला. पॅटिसच्या मिश्रणातही मीठ चव बघूनच.

दुधी आणि बीट नवख्यांनी पहिल्या खेपेला घालूच नये. दुधीत पाणी फार आणि बिटात पाणी आणि साखर दोन्ही. हात बसला की मग घाला. महाबळेश्वराकडची लहान, भरीव गाजरं मिळाली तर तीच घ्या, पिळायला त्रास कमी.

मटार उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून निथळा आणि फडक्यावर पसरून कोरडे करा. फ्रोझन मटारला उकळायची गरज नाही, पण बर्फ वितळून पाणी निघून गेल्याशिवाय मिश्रणात टाकू नका. कांदा कच्चा घालण्यापेक्षा थोड्या तेलावर परतून घाला. कोथिंबीर धुतल्यावर झटकून, वाळवून मग चिरा. एवढ्यातेवढ्या पाण्यानं काय होतंय असं वाटतं, पण सगळीकडचं थोडं थोडं मिळून वाटीभर होतं.

मळणं आणि तपासणं

सगळं परातीत एकत्र करा. बेसन मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडं भाजून घेतलेलं असावं. कच्चं बेसन चिकट होतं आणि त्याचा वासही राहतो. पीठ एकदम ओतू नका, दोन हप्त्यांत घाला. फार मळूही नका, सगळं एकजीव झालं की पुरे.

आता तपासणी. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर दाबा आणि हात उलटा करा. गोळा लगेच पडला आणि हातावर फक्त ओलसर डाग राहिला तर मिश्रण बरोबर आहे. गोळा हाताला धरून बसला तर तो ट्रेलाही धरून बसणार. तेव्हा तांदळाचं पीठ एक चमचा घाला आणि पुन्हा बघा. उलट, दाबल्यावर कडेला भेगा पडत असतील तर पीठ जास्त झालंय, थोडा कुस्करलेला बटाटा घाला. पाण्याचा हबका मारायचा मोह होतो, तो मारू नका.

वळणं, रवा लावणं, गार करणं

एक पॅटिस साधारण ५५ ते ६० ग्रॅमचा, दीड सेंटिमीटर जाडीचा. फार जाड केला तर आतली वाफ बुडाशी साचत राहते, फार पातळ केला तर उलटताना मोडतो. कडा बोटांनी नीट बसवा. भेग राहिली की तिथून आतला ओलावा बाहेर येतो.

वरून बारीक रवा लावा. मिश्रण आणि ट्रे यांच्यामध्ये एक कोरडा थर असावा, यासाठी तो असतो. ब्रेडचा चुराही चालतो, पण मला विचाराल तर रवाच बरा: स्वस्त, घरात असतोच आणि जास्त कुरकुरीत होतो. रवा ताटलीत पसरून त्यावर पॅटिस नुसता ठेवू नका, दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा आणि कडेवरूनही चाकासारखा फिरवा. मग झटकून जास्तीचा रवा पाडा. सुटा रवा ट्रेवर पडला तर तो तेल पितो आणि जळतो.

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात यवतेश्वराकडून पाऊस लागला की डब्यातला रवासुद्धा दमट होतो. अशा दिवसांत रवा तव्यावर दोन मिनिटं कोरडा परतून, गार करून मगच लावा. पावसाळ्यात पॅटिस जास्त चिकटतात अशी तक्रार बऱ्याच जणी करतात, त्यातला निम्मा दोष या दमट रव्याचा असतो.

वळलेले पॅटिस ताटात सुटे ठेवून, न झाकता, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. वरचा थर वाळतो आणि आकार धरतो. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मोडण्याचं प्रमाण तिथूनच वाढतं.

ट्रे, कागद आणि बिडाचा तवा

ओव्हनबरोबर आलेला ट्रे नवा असेल तर गरम पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडा करा. जुना असेल तर कोपऱ्यांत बोट फिरवून बघा. तपकिरी, चिकट थर लागला तर ते वारंवार तापून घट्ट झालेलं तेल आहे. त्यावर नवीन पॅटिस हमखास धरतात. आधी तो थर काढा. तारेच्या काथ्यानं घासून ओरखडे पडलेला ॲल्युमिनियमचा ट्रे असेल तर कागद वापरा.

कागदाच्या बाबतीत दुकानात फार गोंधळ असतो. बटर पेपर म्हणून मिठाईच्या खोक्यात अंथरायचा पातळ कागदही मिळतो आणि बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागदही. आपल्याला दुसरा हवा. त्याच्या पाकिटावर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, बहुतेकांवर २२० अंशांच्या आसपास. आकडा छापलेला नसेल तर तो कागद ओव्हनमध्ये घालू नका. नखानं खरवडल्यावर मेण निघालं तर तो मेणकागद, ओव्हनमध्ये मेण वितळून धूर होईल. कागद ट्रेच्या मापाचाच कापा. कड बाहेर राहिली आणि ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलरच्या) तापलेल्या रॉडला लागली तर पेट घेते. रिकामा कागद तापत्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तो पंख्याच्या हवेनं उडतो. कागदावर पॅटिस मांडून, तो कागद तसाच उचलून तापलेल्या ट्रेवर सरकवायचा.

ॲल्युमिनियम फॉइल हा कागदाला पर्याय नाही. तिला सुरकुत्या पडतात, त्यांत मिश्रण अडकतं आणि फॉइलचे तुकडे पॅटिसला लागून येतात. चकचकीत बाजू वर की मंद बाजू वर, यानं काही फरक पडत नाही.

आणि घरात बिडाचा जुना तवा असेल, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळाभोर झालेला, तर माझी पहिली पसंती त्यालाच. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नसावी आणि तो ओव्हनमध्ये बसला पाहिजे, एवढंच. बीड उष्णता धरून ठेवतं, गार पॅटिस टाकले तरी तापमान पटकन उतरत नाही आणि बूड सगळीकडे सारखं धरतं.

भाजणं

ओव्हन २०० अंशांवर लावा आणि रिकामा ट्रे आत ठेवूनच दहा ते पंधरा मिनिटं तापू द्या. ओटीजीत वरचा आणि खालचा, दोन्ही रॉड चालू ठेवा. ट्रे मधल्या खणापेक्षा एक खण खाली ठेवला तर बुडाला जास्त आच मिळते. मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शन असेल तर कन्व्हेक्शन मोडच, म्हणजे गरम हवेनं भाजण्याचा, लावा. नुसत्या मायक्रोवेव्हवर पॅटिस शिजतील, पण पापुद्रा धरणार नाही. त्या मोडवर धातूचा ट्रेही चालत नाही.

ट्रे बाहेर काढताना जाड आणि कोरडं फडकं घ्या. ओल्या फडक्यातून उष्णता झटकन हाताला पोचते. तापलेल्या ट्रेवर एक चमचा तेल ब्रशनं किंवा कांद्याच्या अर्ध्या फोडीनं सगळीकडे पसरा. लोणी लावू नका, त्यात पाणी असतं आणि दुधाचा अंश करपून चिकटतो. तूप चालतं. आता फ्रिजमधले पॅटिस बाहेर काढून एकेक ठेवत जा. चर्र असा बारीक आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ट्रे पुरेसा तापलेला नाही. तो पाच मिनिटं पुन्हा आत घालून मग पुढचे पॅटिस ठेवा. दोन पॅटिसमध्ये दोन बोटं जागा ठेवा, एकाची वाफ दुसऱ्याला लागू नये. वरूनही प्रत्येकावर तेलाचा हलका हात फिरवा.

ठेवलेला पॅटिस सरकवून सारखा करायला जाऊ नका. जिथं ठेवला तिथंच राहू द्या.

पंधरा मिनिटं दार उघडू नका. त्यानंतर कडेकडे बघा. बुडापासून दोन-तीन मिलिमीटर वरपर्यंत सोनेरी रेघ चढलेली दिसली की फडक्यानं ट्रे धरून हलकेच आडवा हलवा. जे पॅटिस घसरतात ते तयार. ते पातळ धारेच्या उलथन्यानं, ट्रेला अगदी घासून, एका दमात उलटा. जे हलत नाहीत त्यांना हात लावू नका. ट्रे आत घाला आणि तीन-चार मिनिटांनी पुन्हा बघा. सगळे एकदम तयार होत नाहीत, कारण घरच्या ओव्हनमध्ये मागची बाजू बहुधा जास्त तापते. ट्रेची पुढची बाजू मागे केली तर बरोबरी होते. दुसरी बाजू आठ ते दहा मिनिटांत होते.

बाहेर काढल्यावर दोन मिनिटं ट्रेवर राहू द्या आणि मग जाळीवर काढा. ट्रेवरच गार होऊ दिले तर खालची वाफ बाहेर जायला वाट नसल्यानं बूड पुन्हा ओलं होतं आणि इतका वेळ सुटे असलेले पॅटिस शेवटी धरतात. जाळी नसेल तर पिठाची चाळणी उपडी ठेवा.

तरीही चिकटलेच तर

उलथनं घालून खरवडायला लागू नका. ट्रे परत आत घाला आणि चार-पाच मिनिटं जाऊ द्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतात. रंग आधीच गडद झाला असेल आणि अजून भाजणं शक्य नसेल तर ट्रे बाहेर काढून ओल्या, पिळलेल्या फडक्यावर मिनिटभर ठेवा. धातू झटकन गार होतो आणि बुडाशी थोडा ओलावा धरून पकड सैल होते. काचेच्या भांड्याला हे चुकूनही करू नका, तडकेल. मोडलेले पॅटिस तव्यावर चुरून, कांदा-लिंबू घालून पावात भरा. मुलं तेच आधी संपवतात.

थोडं इतर प्रकारांबद्दल

उपासाच्या पॅटिसला बेसन-घेवडा चालत नाही, तिथं शिंगाड्याचं पीठ बांधणीला आणि वरईचा बारीक रवा वरून लावायला घ्या. भिजवलेला साबुदाणा घालणार असाल तर तो चाळणीत पूर्ण निथळलेला हवा, दाणा मोकळा पाहिजे, आणि दाण्याचा कूट जरा सढळ हातानं घाला.

चीज घालायचं तर अगदी मधोमध, चारी बाजूंनी मिश्रणानं झाकून. बाहेर आलेलं चीज ट्रेवर वितळून सिमेंटसारखं बसतं.

एअर फ्रायरच्या टोपलीला भोकं असतात आणि मऊ मिश्रण त्यांत उतरून अडकतं. तिथं फ्रिजमध्ये गार करणं अर्ध्या तासाऐवजी तासभर करा, टोपली आधी तापवून तेलाचा हात फिरवा आणि १८० अंशांवर भाजा.

पॅटिस वळून फ्रीझरमध्ये ठेवायचे असतील तर आधी ताटात सुटे गोठवून मग डब्यात भरा. भाजताना वितळू देऊ नका, तसेच तापलेल्या ट्रेवर ठेवा. वरचा बर्फाचा भुगा मात्र ब्रशनं झाडून टाका आणि पहिल्या बाजूला पाच मिनिटं जास्त द्या.

ट्रे धुताना

ट्रे कोमट असतानाच त्यात गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून अर्धा तास ठेवा. खरकटं फुगून वर येतं, ते लाकडी उलथन्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं काढा. नॉनस्टिक ट्रेला तारेचा काथ्या लावू नका. एकदा थर खरवडला गेला की तिथं प्रत्येक वेळी चिकटणार. ॲल्युमिनियमच्या ट्रेवर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालायचा सल्ला ऐकायला मिळतो, पण सोड्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं. तिथं साबण आणि वेळच बरा. बिडाच्या तव्याला साबणात भिजवत ठेवू नका. गरम पाण्यानं धुऊन गॅसवर कोरडा करा आणि गरम असतानाच तेलाचं बोट फिरवून ठेवा.